इश्राम म्हटल्याशिवाय

माझं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं, पाण्याची कधी चिंता न्हाई, आणि दिलं आटपाडीला, जिथं पाव्हण्यालासुद्धा अर्धाच तांब्या. बसते, पण कान घरामागच्या परड्याकडं हाय बरं का, मधीच उठले तर राग मानू नका.

बाळू माझा दीर. दाढीमिशावाला गडी, पण समज लहान पोराची, दुखलं खुपलं सांगता येत न्हाई. आमचे मालक मिल्ट्रीत. एकदा लांब रजा मिळाली तवा त्याला परड्यात उभं करायचे, सावधान म्हणायचे, मग इश्राम म्हटलं की ह्याची लघवी सुरू. हसायचे दोघं भाऊ. रजा संपली, मालक गेले, आणि हा हुकमाची वाट बघत दिवसभर तुंबून राहायचा, शेवटी अंथरुणातच सुटायचं.

त्यात बहात्तरचा दुष्काळ. गोधड्या धुवायला पाणी कुठलं? आत्याबाईंनी, म्हंजे माझ्या सासूबाईंनी, त्याचं दुपारनंतर पाणीच तोडलं, पुढं सकाळीबी घोटभर. गोधड्या कोरड्या राहिल्या, आत्याबाई खूश. पण बाळू, काय सांगू तुम्हाला, जेवेना, भिंतीला धडका देई, मला चावला. आत्याबाई म्हणाल्या, अंगात वारं शिरलंय, औंधाला यमाईपुढं न्यायचा. मी बघत होते, ह्याचा हात सारखा ओटीपोटावर आणि अंग तापलेलं. म्हटलं, आवं आत्याबाई, देवी कुठं पळून जात न्हाई, आधी सांगलीला जाऊ.

एसटीत सगळा रस्ता विव्हळत होता. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि नळीच घातली. गढूळ, वास मारणारं, लय निघालं. म्हणाले, आणखी उशीर केला असता तर मूत्रपिंड गेलं असतं, भरपूर पाणी पाजा आणि ठरल्या वेळी लघवीला न्या.

न्यायचं कुणी? आत्याबाई गुडघ्यानं अडलेल्या, मालक सरहद्दीवर. घरी आल्यावर मी बाळूचा हात धरून परड्याकडं निघाले तर त्या आडव्या. वयनीनं दिराला न्यायचं? भावकी तोंडात शेण घालंल. म्हटलं, भावकी येणार हाय का नळी घालायला? मी पाठ करून उभी राहीन. डोक्यावर पदर घेतला, पाठ केली, मालकांसारखा आवाज काढून वरडले, सावधान! मग इश्राम! काहीच न्हाई. पुन्हा वरडले, इश्राम! आणि मागं खळखळ आवाज झाला. भिंतीपलीकडनं चुलतजाऊ खिदळली, अगं सुभेदारीण झालीस व्हय? म्हटलं, झाले, ठोक सलाम.

आता मालक पेन्शनीत आलेत, पण बाळू त्यांच्या हुकमाला हलत न्हाई, त्याला माझाच आवाज लागतो. लग्नात जेवणाच्या पंगतीतनं उठते, माहेरी मुक्काम न्हाई. मालक चिडवत्यात, माझी पलटण फितवलीस. हसते मी, काय करता.

थांबा, आला बघा दारात, तांब्या घेऊन. आले रं, आले. यमाईकडं एवढंच मागणं हाय, त्याला रोज असंच मोकळं होऊ दे, आणि त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत माझा आवाज टिकू दे.