लाल ठिपक्याचे रोल

माझं माहेर चिपळूणजवळचं, सासर गुहागरचं, आणि आता कित्येक वर्षं इथं परदेशात, वुडलँड्सला. मालक जहाजावर, मी पाळणाघरात पोरांना भरवते, धुते-पुसते. इंग्रजी कामापुरतं. पण काय सांगू तुम्हाला, समोरच्या दारातल्या चिनी आंटीशी माझं कधी बोलण्यावाचून अडलं नाही, तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच तुटकं.

तिनंच मला फ्लॉवर रोल शिकवले. मैदा यीस्ट घालून भिजवायचा, फुगला की पोळी लाटायची, तेल, मीठ, कांद्याची पात पसरायची, अळूवडीसारखी गुंडाळी करून कापायची, मग दोन तुकडे एकावर एक ठेवून मधोमध चॉपस्टिक दाबायची आणि ओढून पीळ द्यायचा, की झालं फूल. वाफवायला तिची बांबूची टोपली, माझं मोदकपात्र. आधी हसायची ती माझ्या मोदकपात्राला, मग म्हणाली, गुड, गुड. तर काय सांगत होते, त्यांच्या नव्या वर्षाला ती प्रत्येक रोलवर लाल रंगाचा ठिपका द्यायची. मी शिकले ते तेव्हाच, म्हणून मला वाटलं, ठिपक्याशिवाय तो रोल पुराच होत नाही.

मग अंकल गेले, तिचे मालक. आमच्या इमारतीच्या खालीच अंत्यविधीचा मांडव घातला त्यांनी. आपल्यात दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भात नेऊन देतात. मी म्हटलं, तिला पिठलं काय गोड लागणार, तिचंच तिला करून नेऊ. ठिपका देताना हात थबकला हो, खरं सांगते. आपल्यात कोणी गेलं तर कुंकवाचा करंडासुद्धा बाजूला ठेवतात, आणि मी लाल काय लावतेय. पण मनाला म्हटलं, त्यांची रीत वेगळी, आपलं शहाणपण तिथं नको. आणि लावला, एकेकाला, नीट.

मांडवात ताटावरचं झाकण काढलं तर सगळे वळून ताटाकडेच बघायला लागले. तिची लेक धावत आली, ताटावर रुमाल टाकला, हळूच म्हणाली, आंटी, फ्युनरल, रेड कॅननॉट लाह. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. मग चिनी आंटी स्वतःच उठून आली. रुमाल काढला, नखानं एकेका रोलवरची लाल साल सोलली, आणि त्यातला एक अंकलच्या फोटोपुढे ठेवला. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून मी दाराच्या भोकातून बघते, ती लिफ्टमध्ये गेली की मग बाहेर पडते. लाज वाटते हो, लाज. चुकले त्याची तेवढी नाही, चूक कोणाचीही होते. पण दुःखाच्या घरी लाल चालत नाही हे मला ठाऊक होतं, हात सांगत होता, आणि मी तिला परकी धरलं, जसं काही तिच्या नवऱ्याचं मरण निराळ्या जातीचं होतं.

परवा तिनं बेल वाजवली. हातात मैद्याची पिशवी. म्हणाली, संडे, वी मेक, वन पर्सन मेक नो मीनिंग. आणि माझ्या तोंडून काय निघावं, तर संडे ड्यूटी. पाळणाघर रविवारी बंद असतं, तिला ठाऊक आहे. ओके ओके म्हणाली, पिशवी घेऊन परत गेली. देव तिला सुखाचे दिवस दाखवो. उद्या रविवार आहे, आणि चार पावलांवरच्या तिच्या दाराची बेल दाबायचा मला धीर होत नाही.