पंख्याला बांधलेलं लाल फडकं

लिहा गुरुजी, पन मी सांगतो तसंच लिहा, नीटनेटकं करायला जाऊ नका, कारन ही गोष्ट जालन्यात ज्यानं त्यानं आपापल्या परीनं नीट करून ठेवलीय आन त्या नीट करन्यात सगळी खोटी झालीय. मी धनगराचा, कुंभार पिंपळगावचा. बाप मेंढ्या वळायचा, आजा मेंढ्या वळायचा, मीबी वळल्या असत्या, पन मला मेंढराच्या लोकरीनं शिंका यायच्या, दिवसभर शिंका, बाप कपाळाला हात लावून म्हनायचा ह्याला देवानं चुकून आपल्या घरात टाकलं. मंग मामानं जालन्याला आनून जिनिंगमध्ये लावून दिलं. तिथं कापसातली सरकी काढायच्या मशिनी, आन त्या समद्या फिरवायला एक थोरलं ऑइल इंजिन. त्या इंजिनाच्या तेलाचा वास मला आवडला. हसू नका. पोलीस ॲक्शन झाली तवा मी तिथला मिस्त्री झाल्तो.

आता एक रीत सांगतो, ती ध्यानात ठेवा. इंजिनाचं काम अर्धं टाकून मिस्त्रीला भाईर जावं लागलं तर त्यानं आपलं हात पुसायचं लाल फडकं चाकाला बांधून जायचं. फडकं हाय तंवर इंजिनाला कोनी बोट लावायचं न्हाई, बिलकुल न्हाई. आदी एका गड्याचा हात गेल्ता, तवापासून ही रीत. हमालापासून वाचमनपोत्तर समद्यांना ठाऊक. एकट्या मालकाला ठाऊक न्हाई, कारन मालक गादीवर बसनारा मानूस, इंजिनघरात त्यानं जन्मात पाऊल टाकलं न्हवतं, धोतराला डाग पडतो म्हने.

मालक म्हंजी चांदमलशेठ. मारवाडी, पन पिढ्या जालन्यातच गेलेल्या, तुमच्या माझ्यासारखंच बोलनार. मानूस दिलदार, कंजूष म्हनाल तर पाप लागंल. फक्त जे डोळ्याला दिसतं तेच त्यांना खरं वाटायचं. लेकीचं लगन ठरलं आन शेठच्या डोक्यात आलं का वरातीवर विमानातून फुलं टाकायची. झालं. लष्कराच्या जुन्या मालातून एक विमान आनलं, लहानगं, पुढं एक मानूस आन मागं एक मानूस बसंल एवढंच. ते चालवायला हैद्राबादचे मिर्झासाहेब, लई सज्जन मानूस. आन दुरुस्तीला कोन, तर मी. मी म्हनलं, शेठ, मी जमिनीवरच्या इंजिनाचा मिस्त्री, हे वर जानारं. शेठ म्हनले, इंजिन ते इंजिन.

काय सांगू तुम्हाला, इंजिन चांगलं व्हतं हो. चार शिलिंडर, दोन डावीकडं, दोन उजवीकडं. तेल वर चढतं, तिथलं काम उरकून आपल्या वजनानं खाली तेलाच्या डब्यात परत येतं. त्या परतीसाठी चारी शिलिंडरला एकेक बोटाएवढी नळी, आन नळी जिथं खाली जोडलेली तिथं रबराचा तुकडा, वरून तारंनं आवळलेला. ते रबर वाळून पापड झाल्तं. इंजिन तापलं का थेंब थेंब तेल गळायचं, ते धूर जायच्या तापल्या नळीवर पडायचं आन चर्र करून वास सुटायचा. जमिनीवर गळालं तर मी खाली डबा ठेवीन, वर कोन डबा ठेवनार? सगळं तेल गेलं का इंजिन जाम, आन इंजिन जाम म्हंजी मिर्झासाहेब गेले, इतकी साधी गोष्ट.

पन ही साधी गोष्ट कोनाला सांगावी? जो येईल तो म्हनायचा, मिस्त्री, आवळ की जरा. शेठ म्हनले आवळ, मुनीम म्हनला आवळ, मांडववाला बांबू टाकून आला आन तोबी म्हनला आवळ. अहो, तिथं जोर नसतो, तेल आपलं आपलं खाली येतं, आवळलं का रबर चिरतं आन दुप्पट गळतं! तोंड दुखलं सांगून सांगून. मी म्हनलं, शेठ, तेलात न फुगनारं रबर पायजे, वरून सुती जाळी असती त्याला, आन तारंऐवजी स्क्रूच्या पट्ट्या, मंगवून द्या. शेठ म्हनले, मंगवू. आन मंगवला काय, तर रंग! शेंदरी रंग, त्यावर पांढरे मोर. मागच्या शिटाला मखमलीची गादी. मी म्हनलं नळ्या? शेठ म्हनले, अरे बाबा, त्या आत हायेत, कोन बघतंय.

मंग मी आपलं जमंल ते केलं. मोटेचं चामडं कापून लावलं, ते बऱ्यापैकी टिकलं, तर शेठानीबाई आल्या, जैन मानसं, त्यांना कळलं तशा हाय खाल्ल्यावानी मागं सरल्या, माझ्या पोरीवर चामडं लावलेल्या विमानातून फुलं पडनार? काढ आधी. त्यांचंबी बराबरच. काढलं. मंग सायकलची ट्यूब लावली. सायकलची ट्यूब म्हंजी काय, दोनदा इंजिन चाललं का तेल पिऊन फुगती, उकडल्या वांग्यावानी होती आन सटकती. मिर्झासाहेब रोज येऊन बघायचे. म्हनायचे, मिस्त्री, मेरी जान तेरे हाथ में है. हे वाक्य ऐकलं का मला घास जायचा न्हाई.

लगनाच्या आदल्या दिवशी सकाळी शेठ वरडत आले, मोरावर तेल पडलं, मोरावर तेल पडलं! म्हनून मी नव्या ट्यूबचे चार तुकडे कापून बसवले, नुसतं त्यांच्या त्या मोरासाठी, इंजिन सगळं पुसून लख्ख केलं आन सांगितलं, शेठ, मी औरंगाबादला चाललो, तिथं जुन्या लष्करी गाड्या मोडनारा एक भंगारवाला हाय, त्याच्याकडं आसली नळी मिळंल, उद्या सकाळच्या गाडीनं येतो, तंवर विमान हलवायचं न्हाई. शेठ कपड्याच्या गठ्ठ्यात बघत हं हं म्हनले. मंग मी जातानी आपल्या रीतीनं विमानाच्या पंख्याला लाल फडकं बांधलं, गच्च, दोन गाठी मारून. हीच माझी चूक. एक तार उपसून खिशात घातली असती तर देवबी ते इंजिन चालू करू शकला नसता. पन मला वाटलं फडकं हाय ना, झालं.

नळी मिळाली, गुरुजी. हातभर, नवीकोरी, जाळीची. पट्ट्याबी मिळाल्या. सकाळी गाडीत बसलो आन ती गाडी करमाडला जी उभी राह्यली ती हलंचना. मी गार्डाला जाऊन सांगितलं, जल्दी करा, विमान हाय. गार्डानं मला पायापासून डोक्यापोत्तर बघितलं.

तिकडं काय झालं ते मला मागून कळलं. फडक्याची रीत ठाऊक असलेली जिनिंगची समदी मानसं मांडवात कामाला, विमानाशी त्यातलं कोनीच न्हाई. शेठानीबाई ताट घेऊन विमानाशी आल्या, पंख्याला लाल फडकं बघितलं आन म्हनल्या, बघा, मिस्त्रीनं किती भक्तीनं पूजा बांधलीय. त्यांनी फडक्याला हळद-कुंकू लावलं, शेजारी आंब्याचा डहाळा खोवला, नारळ फोडला. मिर्झासाहेबांनी इचारलं, मिस्त्री आया क्या? शेठ म्हनले, आला की, हे काय पूजासुद्धा करून गेला, जेवत असंल मांडवात. तरी त्या मानसानं झाकन उघडून बघितलं. इंजिन लख्ख, चारी जागी काळं नवंकोरं रबर. त्यांनी विश्वास ठेवला. ठेवनारच. मीच पुसून ठेवलं व्हतं ना. मागं फुलं टाकायला दुसरा कोनी धजंना, तवा शेठ स्वता बसले, फेट्यासकट.

बदनापूर मागं पडलं तवा डब्यात गलका झाला, विमान, विमान! मी खिडकीशी गेलो. शेंदरी विमान, मागं काळी रेघ. मानसं टाळ्या वाजवून राह्यली, म्हनून राह्यली शेठनं काय थाट केलाय, धुराचीबी सोय केली. मी वरडलो, अरे, तेल जळून राह्यलंय, नळ्या सटकल्या! एक म्हातारा मला म्हनला, बस खाली, तुला काय कळतंय त्यातलं.

कुंडलिका नदीच्या पल्याड, कापसाच्या पऱ्हाटीच्या रानात विमान पडलं. पेटलं न्हाई, ही देवाची कृपा. शेठचा खांदा निखळला. मिर्झासाहेबांची मांडी दोन जागी मोडली. ठेसनापासून दवाखान्यापोत्तर मी पळत गेलो, नळी हातात तशीच. मिर्झासाहेबांनी डोळे उघडले, मला बघितलं आन इचारलं, पाइप मिला क्या? मी म्हनलं, मिला साब. म्हनले, अच्छा है, दिखा. बोटानं दाबून बघितली, मान हलवली. बस. एक शब्द रागाचा न्हाई. मी तिथं भिंतीशी बसून रडलो, आन दाखल्याला सांगतो, बाप मेला तवाबी मी तसा रडलो न्हवतो.

आता त्याला लई वर्षं झाली. मिर्झासाहेब हैद्राबादेत घड्याळं दुरुस्त करत्यात, एक पाय आखूड झाला, पन ईदेला न चुकता कार्ड येतं. मी अजून त्याच जिनिंगमध्ये. आन शेठ! अहो, कोनीबी पाहुना आला का शेठ मला गादीपाशी बोलावत्यात, खांदा चोळत त्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगत्यात, हा आमचा मिस्त्री, हात सोन्याचा हाय, पन ऐन लगनाच्या दिवशी हा गावाला फिरायला गेला, हा असता तर तसं झालंच नसतं. धा वेळा ऐकलं, ईस वेळा ऐकलं. पहिल्यांदा मी नळ्यांचं सांगायला जायचो, फडक्याचं सांगायला जायचो, तर पाहुना जांभई द्यायचा. घरची बायकोबी म्हनती, तुम्ही त्यांना एकदा खरं काऊन सुनवत न्हाई? मी तिला म्हनतो, सांगू दे त्यांना. त्या रानात पऱ्हाटीची टोकं बघितलीस ना, भाल्यावानी उभी व्हती. मानूस जिता हाय म्हनून तर माझ्या नावानं बोलून राह्यलाय. शंभर वर्षं बोलत राहो.