डावा तळहात

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एक वयस्कर, दुसरी तिशीतली.

“कुणाला दाखवायचंय गं?”

“आमच्या ह्यांना. आत ड्रेसिंग चाललंय. खाजेनं अगदी हैराण झालेत हो.”

“कुठं खाजतं?”

“डाव्या तळहाताला.”

“कातडी कोरडी पडली असेल. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल लावत जा. फारच खाजलं तर गार पाण्याची घडी ठेव. आणि नखं काप त्यांची. खाजवलं की खाज आणखी भडकते.”

“मावशी, तो हातच नाहीये. सुतारकाम करतात हे. मशीनच्या करवतीत गेला, कोपरापासून.”

“अगं बाई! मग खाजतं काय?”

“तळहातच. डॉक्टर म्हणाले, हात गेला तरी मेंदूला तो आहेच असं वाटतं. मला आधी खरंच वाटेना. हे गादीवर मोकळी जागा दाखवायचे, ‘इथं खाजव’ म्हणायचे. मी आपली चादर खाजवत बसायचे.”

“मग आता काय करायचं म्हणे?”

“आरसा उभा धरायचा. त्यात उजवा हात डाव्यासारखा दिसतो. तिकडं बघत उजवा तळहात खाजवायचा.”

“आणि थांबते?”

“काल थांबली. बोटं हलवून बघितली, तर दोन्ही हातांची हलली. किती दिवसांनी हसले हे! मी म्हटलं, झालं ना, ठेवून देते आता आरसा.”

“मग?”

“म्हणाले, ‘राहू दे गं. थोडा वेळ राहू दे.’”