खतखोलीतला कंदील

मी रामकिसन भिका सोनवणे, वय ७२, धंदा शेती, राहणार देवगाव रंगारी, तालुका कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. कुणाच्या सांगण्यावरून नाही, आपल्या पायानं ठाण्यात येऊन जबाब देतो तो असा:

आधी मीच जमादारसाहेबांना विचारलं. आमच्या शेतात कामाला असलेली कडूबाई दवाखान्यात कशी आहे? अजून शुद्धीवर नाही, म्हणाले. तिची सून सुलेखा? रडून घसा बसलाय, पण चहा घेतला. आणि माझा पुतण्या विश्वजीत? कडूबाईला बाहेर ओढताना त्यालाही घेरी आली होती. तो बरा आहे, म्हणाले. बरा आहे ना? मग आता त्याच्याविरुद्ध लिहून घ्या.

माझ्या शेतात अर्धी जमिनीत उतरलेली खतखोली आहे. तिच्यात मक्याची धाटं, आल्याचा पाला, शेण कुजवतो. कुजताना कार्बन डायऑक्साइड निघतो. पंखा तो पाइपातून शेजारच्या पॉलिहाऊसमध्ये ढकलतो. काकडीच्या वेलांचं ते जेवण. माणसाचा मात्र त्या हवेत जीव जातो. म्हणून दाराशी कंदील असतो. ढीग परतायला उतरायचं तर आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा, जुन्या विहिरीत सोडतात तसा. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर माघारी. हे मी कडूबाईला शिकवलं आणि तिनं ते कधी मोडलं नाही.

परवा मी बियाणं आणायला शहागंजला गेलो होतो. मागं विश्वजीतनं मोबाइलवर व्हिडिओ काढायचा घाट घातला. आवाज नको म्हणून पंखा बंद केला. गावठी दिसतो म्हणून कंदील उकिरड्यावर टाकला आणि खोलीत बल्ब लावला. कडूबाई ढीग परतायचं दाताळं घेऊन आली. पुढचं तिच्यासोबत आलेल्या सुलेखानं ऐकलं, ते सांगतो.

"कंदील कुठाय रं?"

"मावशी, कंदिलाचे दिवस गेले. खाली बघा, कसा लख्ख! हा दिवा विझतच नाय!"

"लई गुणाचा हाय मग," म्हणत हसली आणि उतरली. तिथंच पडली.

साहेब, जो दिवा विझतच नाही, तो माणसाला माघारी कसा धाडणार?

आता विश्वजीत सांगतो, बाई उपाशी होती, चक्कर आली. साफ खोटं. त्या दिवशी सकाळी तिनं माझ्यासमोर भाकरी-ठेचा खाल्ला, वर मलाच दटावलं, "तात्या, गोळी घ्या, मगच शहागंजला जा." माझ्या अंगाखांद्यावर खेळलेलं पोरगं. तिला ओढायला आत उडी घेतली आणि खरं बोलायची वेळ आली तर शेपूट घातलं. थू त्याच्या व्हिडिओवर! हेही लिहा.

जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात 'बाई स्वतःच्या निष्काळजीपणाने आत गेली' असं होतं, ते खोडायला लावलं. 'तिला दिवा जळताना दिसला, म्हणून उतरली' असं घातलं. बाकी सगळं माझ्या बोलण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करतो.

उकिरड्यावरून उचललेला कंदील मुद्देमाल म्हणून जमा करतो आहे. काच तडकली आहे, पण पेटतो. काम झालं की परत द्या, कडूबाई आली की लागेल. तिनं डोळे उघडले की मला लगेच कळवा.