कुंडलिकभाऊ, विहीणबाई आन् चुकीचं बेट

...न्हाई, पण मला येक सांगा राव, बेट येक आन् नावं दोन, हे कुणी काढलं? आपलं गाव डिंगोरं म्हंजे डिंगोरं! एसटीच्या पाटीवर डिंगोरं, सातबाऱ्यावर डिंगोरं, लग्नपत्रिकेत डिंगोरं! पण तिकडं अंदमानात तसं न्हाई. पोर्ट ब्लेअर म्हंजेच श्रीविजयपुरम, हॅवलॉक म्हंजेच स्वराज द्वीप, नील म्हंजेच शहीद द्वीप... नवी नावं चांगली हायत, माझी तक्रार न्हाई, पण आमच्या कुंडलिकभाऊनं करायचं काय? त्यो बिचारा इमानातून उतरल्यापास्नं दिसंल त्याला येकच इचारत व्हता, "आपुन हाय कुटं?"

आता तुमी म्हणाल, टमाटीचं रान सोडून ह्यो गेलाच कशाला? तुमाला सांगतो, हौसेनं न्हाई गेला. पोरीपायी गेला. त्याच्या हर्षालीचं पेठच्या दादाभाऊच्या पोराशी, शौर्यशी, जमत आलं व्हतं. पोरगा पुण्यात कंपनीत, घर तालेवार... आन् पोराची आई मंगलबाई! आरारारा! पोरगी बघायला आल्या तवा चहा अर्धा ठिवला बाईनं. अर्धा! कुंडलिकभाऊची बायको बयाबाई त्या कपाकडं बघून झुरणीला लागली. "आवो, साखर जास्त झाली का? का कपाला चीर व्हती?" कुंडलिकभाऊ तर मंगलबाईंसमोर खुर्चीत बसताना बी खुर्चीला इचारून बसायचा. आजून साखरपुडा न्हाई, पण आपला 'विहीणबाई, विहीणबाई' करीत दोन पावलं मागं.

तर त्या शौर्यनं टूम काढली, "काका, एंगेजमेंटच्या आधी दोन्ही फॅमिलींनी आयलंड क्रूझ करूया. मस्त बाँडिंग होईल!"

कुंडलिकभाऊचं तोंडच उतरलं. हर्षालीला बाजूला घिऊन म्हणतोय, "बाँड? कितीच्या स्टँपपेपरवर?"

गेले बाबा! श्रीविजयपुरमला, म्हंजे पोर्ट ब्लेअरला... बघा, मी बी घोटाळलो! तिथल्या धक्क्यावर उभे ऱ्हायले. नीलला जायचं. मंगलबाईंना उन्हानं गरगरायला लागलं, तसं दादाभाऊ म्हणला, "व्याही, मी आन् पोरं बॅगा चढवतो. तुमी हिला तोंड धुवून घिऊन या. तिकिटं मोबाइलवर हायतीच."

घ्या! आता ह्यो विहीणबाईंची पर्स छातीशी धरून नळापाशी उभा. बाईनं तोंड धुतलं, पाणी पिलं, पदर सारखा केला. दोघं माघारी आले तर बोटी दोन. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही टोलेजंग. पैल्या बोटीवाल्याला इचारलं, "भाऊ, नील?"

"नहीं अंकल, शहीद द्वीप!"

मंग ही आपली न्हाईच की! दुसऱ्याला इचारलं, "नील जायेगा?" त्यानं तिकिटावरचं 'नील' येवढंच बघितलं. "हाँ हाँ, नील जाएगा. बैठो."

बसले. खोटं बोलला का त्यो? न्हाई! बोट नीलला जानारच व्हती... पण हॅवलॉकवरनं! आन् हॅवलॉक आलं तशी सारी बोट उठली. आळेफाट्याला एसटी थांबली की आपुन उठतो, तसे ह्ये दोघं बी उठले आन् उतरले. बोट गेली पुढं. दोघं धक्क्यावर. ना दादाभाऊ, ना बयाबाई, ना पोरं. कुंडलिकभाऊनं चौफेर बघितलं, आन् विहीणबाईंच्या चपलांकडं बघत म्हणला, "विहीणबाई... आपुन हाय कुटं?"

"मला इचारता?" बाई म्हणल्या. "तुमच्या भरवशावर आले मी!"

रेंज न्हाई. मोबाइल वर धरला, तिरका धरला, खांबावर पाय देऊन धरला, तवा कुटं हर्षालीचा आवाज आला. "बाबा! तुम्ही कुठे आहात?"

"आमी नीलला. तुमी?"

"आम्हीपण नीलला!"

"मंग दिसंना कसं?"

"बाबा, समोर काय दिसतंय?"

"समुद्र हाय."

"इथंपण आहे."

"नारळाची झाडं हायत. येक लालभडक डोक्याचा फॉरेनर हाय."

"इथंपण आहे, बाबा! मग इथंच असाल!"

आन् ही पोरगी तिथं धक्काभर पळतीय, बाबा बाबा करीत, आन् ह्यो हिथं पळतोय, हर्षे हर्षे करीत, मधी समुद्र! शेवटी येका रिक्षावाल्यानं फोन हातात घेतला आन् दोन्हीकडं सांगितलं, की हे हॅवलॉक हाय, आन् आता सकाळपातुर बोट न्हाई.

कुंडलिकभाऊ मटकन खाली बसला. पोरीच्या होनाऱ्या सासूला घिऊन येगळ्याच बेटावर! लग्न ऱ्हातंय का आता?

रिक्षावाल्यानं दोघांना येका हाटेलात नेलं. दोन खोल्या मागितल्या, पण तिथल्या पोरांनी वयस्कर जोडपं बघितलं आन् काय समज करून घेतला, देव जाणे! गळ्यात शिंपल्यांच्या माळा घातल्या. "वेलकम अंकल, वेलकम आंटी!" विहीणबाईंच्या खोलीचं दार उघडलं, तर पलंगावर टावेलाची दोन बदकं चोचीला चोच लावून, भवतीनं गुलाबाच्या पाकळ्या. कुंडलिकभाऊला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं, पण जमीन बी परकी!

विहीणबाईंनी बदकं बघितली. ह्याच्याकडं बघितलं. "व्याही, ह्यातलं तुमी कंचं?"

आन् बाई हसायला लागल्या! आसं हसल्या, आसं हसल्या की पायरीवर जाऊन बसल्या, डोळ्यांस्नी पदर लावला. कुंडलिकभाऊ उभा. हसावं का हात जोडावं, कळंना.

"बसा वो," बाई म्हणल्या. "आमच्या ह्यांच्या घरात तोंड मिटून ऱ्हायची सवय लागलीय. लोकं म्हणत्यात शिष्ट हाय." मंग हळूच म्हणल्या, "तुमची पोरगी गुणाची हाय. पण माझा पोरगा... त्याला सगळं हातात लागतं. चूक म्या केली, येकुलता म्हणून. ती सोसंल का, ह्याचा घोर हाय मला."

 समोर सासू हाय, का आई हाय, का पोरीच्या बाजूनं बोलणारं कुणी हाय? आयुष्यात पैल्यांदा कुंडलिकभाऊनं त्यांच्या डोळ्याला डोळा दिला. "विहीणबाई, मला बी घोर हाय," येवढंच म्हणला. पोटातलं बाहेर पडलं. मंग ह्यानं आपल्या खोलीत पडून छताला इचारलं, "आपुन हाय कुटं?"

सकाळी नीलला उतरले. बयाबाई पळत आली ती नवऱ्याला सोडून आधी विहीणबाईंच्या गळ्यात पडली. पण पोरं? बाकड्याच्या दोन टोकांना दोघं, मधी सगळ्या बॅगा.

"काय झालं गं?" कुंडलिकभाऊनं इचारलं.

हर्षाली उठली. डोळे सुजलेले. "बाबा, काल तुमचा फोन लागेपर्यंत काहीच कळत नव्हतं. मी चौकीत जाऊन आले, धक्क्यावर बसून होते. आणि हा म्हणाला, मोठी माणसं आहेत, येतील. स्कूबाचं बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे. आणि गेला! बाबा, मला नाही करायचं हे लग्न."

"अगं पण आले ना ते?" शौर्य म्हणला.

दादाभाऊ लाल झाला. "येवढ्यातेवढ्यावरनं लग्न मोडतंय व्हय?"  कुंडलिकभाऊ हात जोडायला वाकतोय, तेवढ्यात मंगलबाई पुढं झाल्या. नवऱ्याच्या समोर! जन्मात पैल्यांदा!

"पोरगी बराबर बोलतीय," म्हणल्या. "आई हरवली तवा माझा लेक मासे बघत व्हता."

संपलं. दादाभाऊचा आवाज बसला, शौर्य मोबाइलमधी गेला, लग्न मोडलं. कुंडलिकभाऊ परतीच्या बोटीत रडावं का सुटलो म्हणावं ह्या इचारात, आन् पल्याड बयाबाई आन् मंगलबाई येकमेकीला लोणच्याचा मसाला सांगत्यात! हे बाँडिंग म्हणायचं का? आन् झालं तर कुणाचं?

आता मंगलबाईंचा बयाबाईला रोज फोन असतो. हर्षाली नव्या नोकरीला लागली तवा पैली साडी पेठवरनं आली. दादाभाऊ फुगून असतो, पण गाडी चालवत आणतो. परवा चौघं आळेफाट्याला हाटेलात बसले व्हते, मालक वळखीचा, त्यानं कुंडलिकभाऊला इचारलं, "ह्या पावण्या कोण म्हणायच्या?"

"ह्या आमच्या..." म्हणला आन् तोंड उघडंच ऱ्हायलं राव! विहीण म्हणावं तर लग्न न्हाई, बहीण म्हणावं तर समोर बसलेला दादाभाऊ दाजी व्हतोय, नुसतं वळखीच्या म्हणावं तर बयाबाई कोपर मारंल...

मंगलबाईच म्हणल्या, "मी व्हय? मी ह्यांची न झालेली विहीण. आन् भजी जरा गरम आणा."