पुठ्ठ्याच्या भिंती

रक्तदाब मोजायला दवाखान्यात बसले होते. पुढच्या बाकावर आमच्या गल्लीतले कुवाहाराबुवा आणि त्यांची बायको चिए. मी मागे, तोंडाला मास्क.

"उद्या होक्काइदोची बोट. माझं घर कुठाय?"

"कुठलं घर?"

"छोट्या ट्रकवर बसवायचं. दोन वर्षं खपून केलेलं. पुठ्ठ्याच्या भिंती, दोऱ्या सोडल्या की सगळे भाग सुटे. अंगणात गठ्ठे बांधून ठेवले होते."

"ते घर होतं?"

"मग तुला काय वाटलं?"

"पुठ्ठा. नीट बांधलेला. त्यात गुरुवार, कागदाचा कचरा न्यायचा दिवस."

"भिंती कचऱ्यात दिल्यास?"

"छप्परही. गादी कापडाची, ती शुक्रवारी. खिडक्या प्लॅस्टिकच्या, त्या आज सकाळी."

"अगं, समुद्राकाठी झोपणार होतो आपण त्यात."

"तुम्हीच म्हणायचात ना, कुणालाही उचलता येईल असं करतोय. उचललं मी."

"काहीच उरलं नाही?"

"दार आहे की. गल्लीतल्या होरिबेआजींनी कचऱ्यातून परत आणून दिलं. म्हणाल्या, बिजागरी लोखंडाची, लोखंड सोमवारी."

तेवढ्यात नर्सनं हाक मारली, "होरिबेआजी, या आत."

दोघांनी वळून पाहिलं. त्या दिवशी माझा रक्तदाब फारच चढलेला निघाला.