सासऱ्यांच्या छातीचा फोटो

माझी अन् सासऱ्यांची ओळख कशी झाली, ते तुम्हाला सांगितलंच नाही. डॉक्टर झाल्यावर मी नागपूरला एक्स-रेचं पुढचं शिक्षण घेत होतो. चिखलीला मुलगी पाहायला गेलो, तर तिचे वडील म्हणाले, “डॉक्टर होऊन फोटो काढाले शिकून राह्यले?” बोलताना ते सारखे खोकत होते.

मी म्हटलं, “तुमच्या छातीचाही एक काढून घ्या.”

ते भडकले. बोलणी तिथंच मोडली.

पुढं खोकल्यातून रक्त पडलं, तसे ते घाबरून नागपूरला माझ्याकडंच आले. एक्स-रेत क्षय दिसला, पण सुरुवातीचा.

“वाचतो का मी?”

“वाचता. फक्त वर्ष-दीड वर्ष औषध सोडू नका.”

त्यांनी फोटो उजेडाला धरून पाहिला. मग म्हणाले, “पोरगी तुम्हालेच देतो. पण लग्न तोवर थांबवा. मले मांडवात खोकत बसायचं नाही.”